भुलीच्या वायूचा हिशेब छतावरच्या नळीपर्यंत ठेवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शस्त्रक्रियागृहांतून हवेत सोडल्या जाणाऱ्या भुलीच्या वायूंबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,


मी भूलतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या शस्त्रक्रियागृहांत भूल देते. ज्या औषधांच्या भरवशावर मी रोज माणसांना झोपवते आणि सुखरूप उठवते, त्या औषधांविषयी हे पत्र आहे.

सेव्होफ्लुरेन या भुलीच्या औषधाची बाटली सरकारी भांडारात आली की तिची नोंद होते. बॅच क्रमांक, मुदत, किंमत, सगळे लिहिले जाते. बाटली शस्त्रक्रियागृहात जाताना सिस्टर वहीत सही घेतात. औषध द्रवाची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरमध्ये ओतून बाटली रिकामी झाली की मात्र हिशेब संपतो. पुढे त्या औषधाचे काय झाले, हे कोणत्याही रजिस्टरमध्ये सापडत नाही. ते जवळजवळ सगळे हवेत जाते.

माझी मागणी एका वाक्यात सांगते. ज्या औषधाचा हिशेब आपण बाटली रिकामी होईपर्यंत ठेवतो, तो छतावर उघडणाऱ्या नळीपर्यंत ठेवावा. हा हिशेब एकदा मांडला की वाया जाणे कुठे थांबवायचे, काय विकतच घ्यायचे नाही आणि उरलेले पकडून पुन्हा वापरात कसे आणायचे, याचा क्रम आपल्याला ठरवता येईल.

भुलीचे वायू इतर औषधांसारखे शरीरात जिरत नाहीत. श्वासावाटे आत जातात, मेंदूवर आपले काम करतात आणि श्वासावाटेच बाहेर येतात. सेव्होफ्लुरेनचा फार तर ५ टक्के भाग यकृतात बदलतो, आयसोफ्लुरेनचा सुमारे ०.२ टक्के, तर डेसफ्लुरेनचा जेमतेम ०.०२ टक्के. बाकीचे रेणू होते तसेच बाहेर पडतात. यंत्रातून निघालेला हा वायू एका नळीने इमारतीबाहेर नेऊन सोडावा, अशी रचना असते. तिला आम्ही स्कॅव्हेंजिंग म्हणतो. खोलीतील डॉक्टर, नर्स आणि वॉर्डबॉय यांच्या श्वासात वायू जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. बाहेर पडल्यावर वायूचे काय होते, याची जबाबदारी आजवर कुणी घेतलेली नाही.

हे वायू उष्णता धरून ठेवतात. शंभर वर्षांच्या मापाने पाहिले तर एक किलो सेव्होफ्लुरेन सुमारे १९५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवते. आयसोफ्लुरेनचा हाच आकडा ५३९ आहे, नायट्रस ऑक्साइडचा २७३ आणि डेसफ्लुरेनचा २,५९०. सेव्होफ्लुरेन हवेत वर्ष-दोन वर्षांत विरते. डेसफ्लुरेन १४ वर्षे टिकते आणि नायट्रस शंभराहून अधिक वर्षे. नायट्रस तर ओझोनचा थरही झिजवतो. २०१५ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांच्या पुढाकाराने एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आल्प्समधील युंगफ्राउयोखपासून अंटार्क्टिकाजवळच्या किंग सेजाँग या कोरियन तळापर्यंत घेतलेल्या हवेच्या नमुन्यांत आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन सापडले होते. प्रमाण अतिशय सूक्ष्म होते, पण जिथे एकही शस्त्रक्रियागृह नाही तिथेही आमची औषधे पोहोचली होती.

आता आपल्याच शस्त्रक्रियागृहात या. भुलीच्या यंत्राला मागच्या बाजूने वळ्यावळ्यांची एक जाड नळी जोडलेली असते. ती भिंतीतल्या सक्शनच्या जोडणीला लागली पाहिजे. अनेक ठिकाणी भिंतीत जोडणीच नसते, किंवा असते ती बंद पडलेली असते. मग नळीचे दुसरे टोक टेबलाखाली फरशीवर सोडून दिलेले दिसते. हे वायू हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतात आणि खोलीतला स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा न घेता तीच हवा फिरवत राहतो. दुपारपर्यंत गोडसर वास येऊ लागतो आणि डोके जड होते. त्या खोलीत गरोदर निवासी डॉक्टर असते, रोजंदारीवरची सफाई कामगार असते. अमेरिकेतील 'नायोश' या संस्थेने १९७७ सालीच कामाच्या जागी या वायूंची मर्यादा सुचवली होती. हॅलोजनयुक्त वायू दहा लाखांत २ भाग आणि नायट्रस २५ भाग, याहून जास्त नको. आपल्या किती शस्त्रक्रियागृहांत हे एकदा तरी मोजले गेले आहे, याची माहिती आपण विभागाकडून मागवावी, ही विनंती.

वायू पकडण्याचे तंत्र काय आहे, तेही सांगते. यंत्रातून निघणारी हवा एका डब्यातून जाऊ देतात. डब्यात सक्रिय कोळसा, झिओलाइट किंवा तशीच सूक्ष्म छिद्रांची सामग्री असते. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेनचे रेणू त्या छिद्रांत चिकटून राहतात आणि बाकीची हवा पुढे निघून जाते. डबा भरला की त्याचे वजन वाढते. तो कारखान्यात नेऊन वायू बाहेर काढतात, थंड करून द्रव करतात आणि ऊर्ध्वपातनाने घटक वेगळे करून शुद्ध करतात. कॅनडातील ब्लू-झोन, जर्मनीतील झिओसिस आणि ब्रिटनमधील सेजटेक या कंपन्यांनी हे तंत्र उभे केले आहे. नायट्रस मात्र या डब्यांत थांबत नाही. त्याच्यासाठी वेगळा मार्ग आहे. तापवलेल्या उत्प्रेरकावरून नेला की त्याचे नायट्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होते. स्टॉकहोमच्या प्रसूतिगृहांत ही यंत्रे बरीच वर्षे चालू आहेत आणि २०२१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या रुग्णालयात प्रसूतीसाठी दिलेल्या नायट्रसवर ती वापरली गेली.

हे वाचून उद्याच डबे मागवण्याचा आदेश काढावा, असे मी म्हणणार नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका अभ्यासात रुग्णांना दिलेल्या डेसफ्लुरेनपैकी सुमारे एक चतुर्थांशच डब्यातून परत मिळाले होते. काही वायू शस्त्रक्रिया संपल्यावरही रुग्णाच्या शरीरात, विशेषतः चरबीत राहतो आणि रिकव्हरीत श्वासावाटे निघतो. काही मास्कच्या कडेने निसटतो, काही रुग्णाच्या श्वासनळीतली नळी काढल्यावर खोलीत जातो. डबा यंत्राच्या टोकाला असल्याने त्याच्यापर्यंत जे पोहोचते तेवढेच त्याच्या हाती लागते. म्हणून आधी गळका नळ बंद करायचा आणि मग खाली भांडे ठेवायचे, हा क्रम मोडता कामा नये.

पहिला नळ म्हणजे फ्लो. यंत्रातून दर मिनिटाला किती ताजा वायू सोडायचा, हे भूलतज्ज्ञ ठरवतो. आमच्याकडे एक साधे गणित शिकवतात. फ्लो लिटरमध्ये घ्या, त्याला व्हेपोरायझरच्या टक्क्यांनी गुणा आणि पुन्हा तीनने गुणा. तासाला किती मिलिलिटर द्रव उडते ते कळते. ६ लिटर फ्लो आणि २ टक्के सेव्होफ्लुरेन म्हणजे तासाला ३६ मिलिलिटर. १ लिटर फ्लोवर तेच ६ मिलिलिटर. पहिल्या हिशेबाने २५० मिलिलिटरची बाटली सात तासांत संपते, दुसऱ्या हिशेबाने चाळीस तास पुरते. प्रत्यक्षात सुरुवातीला फ्लो जास्त ठेवावा लागतो आणि कमी फ्लोवर डायल थोडा वर न्यावा लागतो, पण फरक एवढा मोठा आहे की तो बुडत नाही. रुग्णाला झोप तेवढीच लागते. जास्तीचे औषध त्याच्या फुप्फुसात न जाता सरळ नळीवाटे बाहेर पडते.

मग आम्ही सगळेच कमी फ्लोवर भूल का देत नाही? कारण त्यासाठी रुग्णाच्या श्वासातील ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि भुलीचा वायू सतत मोजणारा मॉनिटर लागतो, गळती नसलेले सर्किट लागते आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा, वेळच्या वेळी बदललेला सोडालाइम लागतो. सोडालाइमचा रंग बदलून दोन दिवस झाले तरी नवा डबा भांडारात नसेल, तर शहाणा भूलतज्ज्ञ फ्लो वाढवतो आणि रुग्णाला सुरक्षित ठेवतो. त्याला दोष देता येणार नाही. तालुक्याच्या रुग्णालयात गॅस मॉनिटर आणि सोडालाइम वेळेवर देणे ही रुग्णाच्या सुरक्षेची बाब आहे, आणि तोच खर्च हवेत जाणारे औषधही वाचवतो. बाटल्यांवरचा खर्च कमी झाल्याचे हिशेबतपासनीसांनाही वहीत दिसेल.

दुसरा नळ म्हणजे डेसफ्लुरेन. हे औषध साधारण २३ अंशांनाच उकळते, म्हणून त्याला विजेवर तापणारे खास व्हेपोरायझर लागते. रुग्ण त्यावरून लवकर जागा होतो, हा त्याचा गुण मी नाकारत नाही. पण सेव्होफ्लुरेनच्या तिप्पट मात्रा लागते आणि उष्णता धरण्याची ताकद तेरापट. १ लिटर फ्लोवर एक तास सेव्होफ्लुरेन दिले तर दोन किलोच्या आत कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. त्याच तासाला डेसफ्लुरेनचा परिणाम साठ ते सत्तर किलोंच्या घरात जातो. स्कॉटलंडने २०२३ साली आपल्या आरोग्यसेवेतून ते काढून टाकले. इंग्लंडने २०२४ पासून अपवाद वगळता थांबवले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून, दुसरे कोणतेही औषध वैद्यकीय कारणाने चालत नसेल तरच ते वापरावे, असा नियम केला. या देशांतील शस्त्रक्रिया थांबलेल्या नाहीत. आपण तर अजून त्या औषधावर अवलंबूनही नाही. बहुतेक सरकारी रुग्णालये आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेनवर चालतात. जी सवय लागलेली नाही, ती लागू न देणे सगळ्यांत स्वस्त आहे.

तिसरा नळ सगळ्यांत मोठा आहे आणि तो शस्त्रक्रियागृहाबाहेर, मॅनिफोल्ड रूममध्ये आहे. निळ्या सिलिंडरांतून नायट्रस ऑक्साइड भिंतीतल्या पाइपलाइनने प्रत्येक टेबलापर्यंत जातो. सेव्होफ्लुरेनसोबत मिनिटाला २ लिटर नायट्रस तासभर चालू ठेवला तर सुमारे ६० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. हे जवळपास २६ लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. म्हणजे डेसफ्लुरेन टाळून जे कमावले, ते नायट्रसच्या एका नॉबने घालवले. शिवाय या पाइपलाइनी गळतात. स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गच्या भागातील रुग्णालयांनी किती नायट्रस विकत घेतला आणि किती रुग्णांना दिला, याचा ताळा घातला, तेव्हा बहुतांश वायू रुग्णापर्यंत पोहोचलाच नव्हता, असे दिसले. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने २०२४ साली मध्यवर्ती नायट्रस पाइपलाइन बंद करून गरजेपुरते छोटे सिलिंडर वापरण्याची शिफारस केली.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे, आणि ते जिवाशी निगडित आहे. २०१६ साली इंदूरच्या एका सरकारी रुग्णालयात नव्या शस्त्रक्रियागृहात ऑक्सिजनच्या जागी नायट्रसची लाइन जोडली गेली आणि दोन बालकांचे प्राण गेले. जिथे नायट्रसची पाइपलाइनच नाही, तिथे ही अदलाबदल भिंतीआड होऊच शकत नाही. महाराष्ट्रात नवी वैद्यकीय महाविद्यालये आणि रुग्णालये बांधली जात आहेत. त्यांच्या नकाशात नायट्रसची लाइन केवळ जुन्या नमुन्यात होती म्हणून ओढली जाऊ नये. प्रसूतीच्या कळांसाठी एन्टोनॉक्स, म्हणजे नायट्रस आणि ऑक्सिजनचे मिश्रण, लागते तिथे ते जरूर द्यावे. बाईच्या वेदनेवर काटकसर करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पण ते छोट्या सिलिंडरमधून, नळ्या तपासून द्यावे.

काही आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. राज्याच्या विजेच्या आणि वाहनांच्या धुरापुढे भुलीच्या वायूंचा वाटा लहान आहे, हे खरे आहे. सेव्होफ्लुरेन हवेत थोडाच काळ राहते, त्यामुळे शंभर वर्षांचे माप त्याला लावणे कितपत योग्य, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. म्हणूनच मी सुरुवात डेसफ्लुरेन आणि नायट्रसपासून करा असे सांगते. त्यांच्याबद्दल असा वाद नाही. सगळ्यांत गंभीर आक्षेप असा की जिथे सुरक्षित भूलच मिळत नाही, तिथे वायूची चिंता कसली? मी त्या गावांत काम केले आहे. भूलतज्ज्ञ नाही म्हणून जिल्ह्याला पाठवलेल्या बाया पाहिल्या आहेत. म्हणून स्पष्ट लिहिते : एकाही रुग्णाची भूल या कारणाने नाकारली जाऊ नये, पुढे ढकलली जाऊ नये, कमी पडू नये. या पत्रातील कोणत्याही सूचनेत रुग्णाचे काही काढून घेतलेले नाही. जे रुग्णाच्या उपयोगी न पडता बाहेर जाते, तेवढ्यावरच माझे बोट आहे.

पकडलेल्या वायूचे पुढे काय करायचे, याचा विचार मात्र आत्ताच सुरू करायला हवा, कारण त्याला कायद्याचा आधार लागतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांत सगळा घन आणि द्रव कचरा वाटून दिला आहे. शस्त्रक्रियागृहातून उडून गेलेल्या वायूला त्यात रकाना नाही. उद्या वायूने भरलेला डबा आला तर तो कुठल्या रंगात टाकायचा? तो जाळला किंवा तापवला तर वायू पुन्हा सुटेल. भारताने २०२१ साली किगाली दुरुस्ती या आंतरराष्ट्रीय करारातील बदलाला मान्यता देऊन एसी-फ्रीजमधील हायड्रोफ्लुरोकार्बन कमी करण्याचे वचन दिले, पण भुलीचे वायू त्या यादीतही येत नाहीत. शुद्ध करून मिळालेले सेव्होफ्लुरेन पुन्हा रुग्णाला द्यायचे, तर ते नव्या औषधाइतकेच शुद्ध असल्याचे सिद्ध झाले पाहिजे. त्यासाठी अन्न व औषध प्रशासन, केंद्रीय औषध नियंत्रक आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना एका टेबलावर बसवावे लागेल. हे काम कुण्या एका रुग्णालयाच्या आवाक्यातले नाही, सरकारच करू शकते.

आपल्या बाजूची एक मोठी गोष्ट म्हणजे हे औषध बनवण्याचे ज्ञान आपल्याकडे आहे. मुंबईत मुख्यालय असलेली पिरामल फार्मा ही श्वासावाटे द्यायच्या भुलीच्या औषधांच्या जगातील मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे आणि तिचा एक कारखाना तेलंगणातील दिग्वाल येथे आहे. फ्लोरिनयुक्त द्रव शुद्ध करण्याचे तंत्र ज्या देशात आहे, तिथे वापरलेला वायू परत घेण्याची अट खरेदीच्या करारात घालण्याचा विचार सरकारने उत्पादकांशी बोलून का करू नये?

म्हणून आपल्याकडे पाच विनंत्या आहेत.

पहिली, प्रत्येक सरकारी शस्त्रक्रियागृहात दरमहा एक पान ठेवावे. सर्वसाधारण भुलीच्या केसेस किती, प्रत्येक वायूच्या बाटल्या किती, नायट्रसचे सिलिंडर किती. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर नको, वही पुरेल.

दुसरी, महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या यादीत डेसफ्लुरेन नियमित खरेदीसाठी ठेवू नये. अपवादात्मक रुग्णासाठी विभागप्रमुखाच्या लेखी कारणाने ते मिळावे.

तिसरी, नव्या इमारतींत नायट्रसची मध्यवर्ती पाइपलाइन टाकू नये आणि जुन्या पाइपलाइनींची गळती तपासून, गरज नसेल तिथे त्या बंद कराव्यात. मात्र सिलिंडरची पर्यायी सोय आधी व्हावी आणि भूल विभागाची संमती असावी.

चौथी, भुलीच्या यंत्राच्या प्रत्येक निविदेत गॅस मॉनिटर आणि चालू स्कॅव्हेंजिंगची अट असावी, आणि शुश्रूषागृह नोंदणीच्या तपासणीत ती नळी कुठे उघडते हे प्रत्यक्ष पाहिले जावे. निवासी डॉक्टरांना पहिल्याच वर्षी कमी फ्लोची भूल आणि शक्य तिथे वायूशिवायची स्पायनल किंवा नर्व्ह ब्लॉकची भूल ज्येष्ठांच्या हाताखाली शिकवावी.

पाचवी, दोन-तीन वैद्यकीय महाविद्यालयांत वायू पकडण्याचा प्रयोग करावा. डबा लावण्याआधी आणि काढल्यानंतर त्याचे वजन कंपनीने न करता महाविद्यालयानेच करावे. किती दिले आणि किती परत मिळाले, हे जाहीर करावे. परिणाम कमी आला तरी तो लपवू नये, कारण पुढचा निर्णय त्याच आकड्यावर उभा राहील.

यातील पहिल्या विनंतीला पैसा लागत नाही, फक्त एक परिपत्रक लागते. ते आपण येत्या महिन्यात काढावे. आमच्यासारखे भूलतज्ज्ञ ते पान भरायला तयार आहेत, आकडे तपासायला तयार आहेत आणि आमच्या सवयींत बदल करायलाही तयार आहेत. सरकारने फक्त हे औषध आपले आहे, बाटलीत असताना आणि बाटलीबाहेरही आपले आहे, एवढे मान्य करावे.

कळावे,
आपली नम्र,
महाराष्ट्रातील एक भूलतज्ज्ञ